जिल्हा पोस्टिंगवर लहान मुलांची ओपीडी गळ्यात पडली आहे, तयारी कशी करू?

निवासी_दुसरं_वर्ष:

नमस्कार मंडळी. नागपुरात सायकिॲट्रीत एमडी करून राहिलो, दुसरं वर्ष. पुढच्या महिन्यापासून डीआरपी, म्हणजे तीन महिने जिल्हा रुग्णालयात. पोस्टिंग पूर्व विदर्भात आहे, जिल्ह्याचं नाव राहू द्या. तिथल्या सरांना ओळख करून द्यायला फोन केला तर ते खूशच झाले. म्हणाले, "बरं झालं, बुधवारची लहान मुलांची ओपीडी आता तू सांभाळ." मी "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला.

बाल मानसोपचाराची माझी पाळी होऊन गेली आहे, कागदावर. प्रत्यक्षात ती दिव्यांग प्रमाणपत्रांची पाळी होती. सकाळी रांग, सायकॉलॉजिस्टकडून आलेला बुद्ध्यंकाचा आकडा, माझी सही, सरांची सही, शिक्का. एडीएचडीचे, म्हणजे मुलांच्या अतिचंचलतेचे आणि लक्ष न लागण्याचे, निकष झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण सात वर्षांच्या पोरासमोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणी दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांचा मुलगा, आई दोन एसट्या बदलून घेऊन आली होती. वर्गात बसत नाही, मारामारी करतो, गुरुजींनी सांगितलं डॉक्टरची चिठ्ठी आणा. मी वीस मिनिटं विचारपूस केली, औषध लिहिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "साहेब, आता याले शाळेत बसू देतीन ना?" मला उत्तर आलं नाही. "देतील, देतील" म्हटलं. ती परत आली नाही.

पुस्तकांची यादी नको, ती आहे. ज्यांनी अशा ओपीडीत बसून काम केलंय त्यांनी सांगा, महिनाभरात मी काय शिकून जाऊ?

निवृत्त_पण_ओपीडी_सुटत_नाही:

तुला 'तू'च म्हणते, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्यापेक्षा मोठा आहे.

आधी त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तुला पुन्हा लागणार आहे. बसू देतील का असं नाही, बसू द्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा, २००९. सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, आणि त्याच कायद्यात मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी आहे. हे तिला ओपीडीत सांगून मात्र काही होत नाही, ती बिचारी गुरुजींना कायदा कुठून शिकवणार? ती समोर बसलेली असताना तू शाळेत फोन लाव. कायद्याचं नाव काढू नकोस. "गुरुजी, मी अमुक डॉक्टर बोलतोय, तुमच्या वर्गातला अमुक माझ्याकडे आलाय, तो कधी जास्त चिडतो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही," एवढंच म्हण. गुरुजी दहा मिनिटं बोलतात. एका वर्गात चाळीस पोरं घेऊन बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आता माझी एक चूक सांगते. वीसेक वर्षं झाली, पण अजून सलते.

गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेचे गुरुजी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. वर्षभरात शाळेत एक शब्द बोलली नव्हती. माझ्यासमोरही बोलली नाही. बुद्ध्यंकाची चाचणी तिच्यावर होईना, म्हणून मी व्हाईनलँड केली. तुला माहीत असेल, सामाजिक परिपक्वतेची ही मोजपट्टी मालिन यांनी आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली ती नागपुरातच, अजूनही तिला 'नागपूर अ‍ॅडाप्टेशन' म्हणतात. मुलाला ओळखणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून भरायची असते. मी गुरुजींना विचारलं. स्वतःचं स्वतः करते का? सांगितल्याशिवाय नाही. दुकानातून काही आणते का? नाही. गोष्ट सांगते का? साहेब, ती बोलतच नाही. गुण साठाच्या खाली आले आणि मी 'सौम्य मतिमंदत्व' लिहून मोकळी झाले. त्या वेळी तोच शब्द होता.

चार महिन्यांनी तिची आजी दुसऱ्याच कामाला, स्वतःच्या डोळ्यांसाठी, नागपूरला आली आणि नातीला सोबत घेऊन मला शोधत आली. आजीला मराठी थोडकी. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना गोंडी येत होती, त्या मध्ये बसल्या. पोरगी आजीच्या मांडीला टेकून असं काही बोलत सुटली की मावशींना सांगता सांगता दम लागला. घरी अकरा शेळ्या, प्रत्येकीला नाव. मोहफुलं वेचायला पहाटे एकटी जाते. धाकट्या भावाला तिनेच सांभाळलं. मग तिला उचलून शंभर कोसांवरच्या वसतिगृहात आणलं, जिथे तिची भाषा बोललं की पोरं हसतात. तिने तोंड मिटलं. मी असते तर मीही मिटलं असतं.

चाचणी खोटी नव्हती. मी चुकीच्या माणसाला विचारलं होतं. जिच्या नावात नागपूर आहे ती चाचणी मी नागपुरात बसून चुकवली. आणि ते प्रमाणपत्र रद्द करायला मला जितके हेलपाटे पडले त्याच्या दहाव्या हिश्शातही ते द्यायला पडले नव्हते.

म्हणून पहिला प्रश्न कुठला, तर "याच्यासोबत घरी कोण असतं?" आई असेलच असं धरू नकोस. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला आई पहाटे जाते, मूल आजीकडे नाहीतर दहा वर्षांच्या ताईकडे. त्या ताईला बोलाव. तिला सगळं माहीत असतं. दुसरा प्रश्न, "घरी काय बोलता?" गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, आपली झाडीबोली, जे असेल ते. रुग्णालयात ती भाषा कुणाला येते ते पहिल्याच दिवशी शोधून ठेव, बहुतेक वेळा ते सफाई कामगार किंवा आया असतात. त्यांना नीट खुर्ची देऊन बसव, उभं ठेवू नकोस.

माझ्या टेबलावर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, चाकांचा लाकडी नंदी असतो. बाहेरून आणलेली बाहुल्यांची घरं मी वापरून पाहिली, आपल्याकडच्या पोरांना त्यातला सोफा कुणाचा तेच कळत नाही. नंदी ओळखीचा. त्याला घेऊन घरोघरी फिरलेत, बोजारा, म्हणजे खाऊला पैसे, मिळवलाय. मी मुलाशी बोलतच नाही आधी. नंदी पुढे सरकवते आणि आईशी बोलत राहते. पाच-सात मिनिटांत चाकं फिरायला लागतात. मग हळूच विचारते, याला काय खायला देतोस? रात्री कुठे बांधतोस? याला कोण मारतं? एकदा एक पोरगा म्हणाला, "याचा बाप मारते याले. पण पिऊन आला तरच." तोवर आईने 'घरी सगळं ठीक आहे' असं तीनदा सांगितलं होतं.

औषधाचं. 'दिवसातून तीनदा' लिहिण्याआधी दुपारची गोळी कोण देणार ते विचार. दिवसातून एकदा भागत असेल तर एकदाच दे, संध्याकाळी, सगळे घरी असताना. एडीएचडीचं मिथाइलफेनिडेट तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, जे लिहिशील ते कुठे मिळतं याची चौकशी आधी औषध भांडारातच कर. आणि स्वमग्न मुलाच्या आईला रिस्पेरिडोन देताना स्पष्ट सांग की याने चिडचिड, आपटणं कमी होईल, बोलणं येणार नाही. नाहीतर ती सहा महिने बोलण्याची वाट बघते आणि मग सगळंच सोडून देते.

आणि पंधरा दिवसांनी बोलावू नकोस बाबा. आईचं एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धं झालं हे खरं, पण मजुरी पूर्ण बुडते. वेचणीत तर किलोवर पैसे. तालुक्याचा बाजार कुठल्या वारी ते विचार आणि त्याच्याशी जुळवून बोलाव. माझी अर्धी फॉलोअपची यादी तारखांची नव्हतीच, 'दिवाळीनंतरचा दुसरा बाजार' अशी होती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचं तालुक्यात शिबिर असतं, बाजाराच्या दिवसाशी ते जुळत असेल तर तिथेच बघ.

कान, रक्त आणि झटके हे विसरू नकोस, मनाचा डॉक्टर झाला म्हणून बाकीचं सुटत नाही. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी. वर्गात 'हरवून जाणाऱ्या' मुलाला दोन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावून बघ, कधी कधी ते लक्ष नसणं नसतं, फिट असते. आणि आपल्या पट्ट्यात सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. अभ्यासात एकाएकी मागे पडलेलं सिकलसेलचं मूल आळशी नसतं, मेंदूला कुणालाही कळणार नाही असा पक्षाघाताचा लहानसा झटका येऊन गेलेला असू शकतो. त्याला समुपदेशनाला बसवण्याआधी बालरोगवाल्यांकडे नेऊन दाखव.

रात्र झाली. किशोरवयीन मुलींबद्दल उद्या लिहिते, ते वेगळं आणि अवघड आहे.

कोरडा_प्रश्न:

ताईंचं लिहिणं वाचायला छान आहे, पण एक कटू गोष्ट कुणीतरी बोलायला हवी. तीन महिन्यांनी हा मुलगा नागपूरला परत येणार. मग दुसरा रेसिडेंट, तोही तीन महिने. म्हणजे शहरातल्या मुलाला एकच डॉक्टर पाच वर्षं मिळतो आणि गावातल्या मुलाला वर्षात चार शिकाऊ. प्रशिक्षण कुणाचं होतंय आणि किंमत कोण देतंय?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली, १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. ती १२ राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हताच. आपल्याकडे नेमकं किती ते मोजायचीसुद्धा तसदी तेव्हा घेतली नाही. बाल मानसोपचारातलं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढचं शिक्षण, बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मोजक्या ठिकाणी होतं, आणि तिथून शिकून आलेला माणूस तालुक्याला जात नाही. मी स्वतः खासगीत आहे, मीही गेलो नाही, उगाच साळसूदपणा नको. पण नंदीबैलाने जागा भरत नाहीत.

अंगणवाडी_ताई_कुही:

मी डॉक्टर नाही, अंगणवाडी सेविका आहे. कुही तालुका. पोरीने हा धागा दाखवला म्हणून लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं वर्षातून दोन डाव आरबीएसकेची, लेकरं तपासाची सरकारी गाडी येते. डॉक्टर लेकरं तपासतात, एखाद्याची चिठ्ठी देतात नागपूरची. मी त्या मायच्या दहा डाव मागं लागते तवा ती जाते. जाऊन येते अन् चिठ्ठी माझ्याच पुढं ठेवते, "ताई, काय लिवलं हाय?" इंग्रजीत राहते. मले काय समजते? मी म्हणते गोळ्या घे. एक डाव त्या गोळ्या झटक्याच्या होत्या अन् मायनं बरं वाटलं म्हणून बंद केल्या. मले माहीत असतं तर बंद करू दिल्या असत्या का?

डॉक्टरसाहेब, एकच करा. चिठ्ठीच्या मागं मराठीत चार ओळी लिहा, माझ्यासाठी. काय झालं हाय, गोळी कवापर्यंत, काय दिसलं तर पळवत आणाचं. मी हप्त्यात एकदा त्या घरी जातेच. तुमच्या मोबाईलचा नंबर द्या म्हणत नाही, डॉक्टर लोक नंबर देतात अन् उचलत नाहीत.

निवृत्त_पण_ओपीडी_सुटत_नाही:

कुहीच्या ताई, तुमच्या चार ओळी मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला हव्या होत्या. मी स्वतः तीस वर्षं चिठ्ठीची मागची बाजू कोरी सोडली.

कोरडा प्रश्न, तुमचा मुद्दा लागला. खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणेन की त्या ओपीडीत कायम असणारा माणूस डॉक्टर नसतोच. सोशल वर्कर असतो, नर्स असते. बाळा, पहिल्या बुधवारी जाऊन त्यांना विचार, "मी तुमच्याकडे शिकायला आलोय." खरंच शिकायला, बोलण्यापुरतं नाही. मूल त्यांचं आहे, तू पाहुणा. आणि शेवटच्या महिन्यात नवीन मुलं कमी घे, जुन्यांना सोशल वर्करसोबत एकत्र बसून बघ, म्हणजे तू गेल्यावर खुर्ची रिकामी दिसली तरी खोलीत ओळखीचं तोंड असेल.

फोनचा मुद्दाही निघाला म्हणून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ पासून एक व्यवस्था आहे, साध्या बालरोगतज्ज्ञाने फोन करायचा आणि पलीकडून बाल मानसोपचारतज्ज्ञ सल्ला देतो, मूल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच राहतं. मला त्यात पलीकडे कुणीतरी उचलतं हेच फार आवडलं. आपल्याकडे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ आहे, २०२२ पासून, पालकांना तो कार्डावर लिहून दे. तुझ्यासाठी निम्हान्सचा 'संवाद' म्हणून उपक्रम आहे, अडचणीत सापडलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना ते शिकवतात, त्यांचं काही ऑनलाइन सापडलं तर जाण्याआधी बघून घे. आणि एक दिवस त्या आरबीएसकेच्या गाडीत बसून फिर. दिवसभर. डबा घेऊन जा.

किशोरवयीन मुलींचं कबूल केलं होतं ते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आली, हात कापून घेतलेला, आई बाहेर थांबली, की तुला वाटेल आता हिला म्हणावं, "मोकळेपणी बोल, मी कुणाला सांगणार नाही." हे वाक्य तोंडातून काढू नकोस. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की कळवणं तुला बंधनकारक आहे, आणि त्यात तिच्या मर्जीने असलेला मित्रही येतो. आधीच सांग, "बहुतेक गोष्टी आपल्या दोघांत राहतील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी शरीराचं काही केलं असेल तर मला पुढे सांगावं लागतं, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन." अशाने काही मुली गप्प बसतात. बसू दे. मी एकदा आधी वचन दिलं आणि मग कळवलं होतं. ती मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने बघत गेली ती मला नको होती.

आणि हो, मुलाला आधी कुठे कुठे नेऊन आणलं ते मी स्वतःच विचारते, "ताजबागच्या दर्ग्याला जाऊन आलात का? गावातल्या जाणत्याला दाखवलं?" हसत विचारते. मग लोक सांगतात, कधी गेलो, किती खर्च झाला, काय बांधलं. आजार नेमका कधी सुरू झाला याचा इतका चोख इतिहास तुला दुसरीकडे मिळणार नाही. त्यावरून ओरडलास की पुढच्या वेळी ते त्यांच्याकडेच जातील, तुझ्याकडे नाही. मुलाला चटके दिले असतील, साखळीने बांधलं असेल तर गोष्ट निराळी, तिथे गप्प राहायचं नाही.

निवासी_दुसरं_वर्ष:

तीन बुधवार झाले, म्हणून सांगायला आलो.

सोशल वर्कर ताईंना 'शिकायला आलोय' म्हटलं तर त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. दुसऱ्या बुधवारी त्यांनी स्वतःची जुनी वही काढून दिली. सव्वाशेच्या वर मुलं, कोण कुठल्या गावचं, बाप काय करतो, कोण यायचं थांबलं आणि का. 'का' च्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा 'वीटभट्टीवर गेले' असं लिहिलंय.

चिठ्ठीच्या मागे लिहून राहिलो. पहिल्या दिवशी चार ओळींना दहा मिनिटं लागली, कारण 'मेंटेनन्स डोस' ला मराठीत काय म्हणायचं तेच सुचेना. शेवटी लिहिलं, "मूल बरं दिसलं तरी गोळी चालूच ठेवायची. बंद करायची ती मी सांगेन तेव्हाच."

गुरुजींना फोन केले, सात. पाच चांगले बोलले. एकांनी "तुम्ही येऊन वर्ग घ्या" म्हणून ठेवून दिला. एकांच्या बोलण्यातून मात्र कळलं की मारामारी करणारा पोरगा फक्त खिचडीच्या सुट्टीआधी मारामारी करतो. घरून उपाशी येतो. त्याला मी एडीएचडी लिहिणार होतो.

सुरुवातीला लिहिलेली ती बाई सापडली नाही. नागपूरला आलो तेव्हा रजिस्टरमधून नंबर काढला, बंद आहे. गावाचं नाव आहे, पण त्या नावाची दोन गावं आहेत.

आणि ताई, नंदीसाठी इतवारीत तीन दुकानं फिरलो. म्हणतात, पोळ्याच्या आधी या. तुमच्याकडे एखादा जास्तीचा आहे का?

निवृत्त_पण_ओपीडी_सुटत_नाही:

आहे एक, पण पुढचं एक चाक तुटलंय. चालेल? पोरांना तोच जास्त आवडतो, हातात घेतल्या घेतल्या विचारतात, याला काय झालं. शनिवारी पाचनंतर येऊन घेऊन जा, पत्ता निरोपात टाकते. आणि दोन्ही गावांच्या अंगणवाडीत विचारून बघ, कुहीच्या ताई वाट सांगतील.